माय पायानं पाह्यते

वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरीत हल्ली संध्याकाळ फार लवकर होते. घरापासून चार बंगले सोडले की रस्ता संपतो आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, एक शेवटचं वावर लागतं, प्लॉटवाल्यांच्या तावडीतून कसंबसं सुटलेलं. दिवाळी झाली, बोंडं फुटली की मी रोज चहाचा कप घेऊन गॅलरीत बसते. ते पांढरं वावर डोळे भरून पाहावं म्हणते, आणि दोन घोट होत नाहीत तोच अंधारून येतं. घरातल्या दिव्यांचं तर विचारूच नका. मुलानं कसले तरी नवे बल्ब आणलेत, वीज कमी खातात म्हणे. उजेडही कमीच देतात मेले. दिवाणखान्याकडे येणाऱ्या बोळीतला बल्ब मी दोनदा बदलायला लावला. सून हसते आणि म्हणते, "आई, अहो अजून किती प्रखर हवाय तुम्हाला?" मी तिला सांगते, आमच्या वेळी चाळीसच्या पिवळ्या बल्बखाली सुईत दोरा ओवायचे मी, एका झटक्यात.

कापसाचा हंगाम आला की मला हात आठवतात. पुढे केलेले, हवेत चाचपडणारे, लहान लहान हात. इतकी वर्षं झाली, माझं लग्न झालं, मुलं झाली, नोकरी संपली, तरी ते हात आठवले की मी तशीच दचकते. मी मुळात भित्रीच आहे. अंगावर पाल पडली तर गल्ली गोळा करते. पण तेव्हाचं ते दचकणं निराळं होतं, कारण किंचाळायलासुद्धा सुचलं नव्हतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आंजीला बसमधून उतरायचं आणि पुढे गाडीवाटेनं चालत जायचं, अशा एका लहान गावात मी बालवाडीची बाई होते. नवीकोरी, जेमतेम विशीची. वर्ध्याच्या बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांचा या नोकरीला विरोध होता अशातला भाग नाही, पण कोणी विचारलं की ते म्हणायचे, "आमची पोरगी शेंबूड पुसायच्या खात्यात आहे." मी फणकाऱ्यानं गावातच खोली घेऊन राहिले. अंगणात पेरूचं झाड, बाजूला घरमालकाचा गोठा, आणि सकाळी उठल्यापासून नाकात सरकीचा नि शेणाचा मिसळलेला वास.

बालवाडीची खोली म्हणजे ग्रामपंचायतीचं जुनं कोठार. एकच खिडकी, तीही उंच. मुलांना खाऊ म्हणून मिळणाऱ्या सुकडीचा वास भिंतींत मुरलेला. वेचणीच्या दिवसांत मुलं दिवस उगवताच दारात हजर, कारण आया कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून तशाच पुढे वावरात निघून जायच्या. नाकं वाहताहेत, डोळ्यांत झोप आहे, मुठीत भाकरीचा तुकडा आहे, आणि केसांना कालचा कापूस चिकटलेला आहे. दुपारी ही सगळी फौज एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायची. तेव्हा त्यांच्या श्वासांच्या आवाजात मीही डुलक्या काढायचे, कोणाला सांगू नका.

उठल्यावर गोष्ट. गोष्टींची पुस्तकं नव्हतीच, म्हणून मी एक युक्ती काढली होती. गोष्ट मी सुरू करायची आणि पुढची मुलांनी करून दाखवायची. बोलायचंच असं नाही, नुसतं केलं तरी चालेल. माझी एक कोल्हीण होती. ती सकाळी पिल्लाला बिळात ठेवून बोरं आणायला जायची, दिवसभर तिच्यावर काय काय संकटं यायची, आणि संध्याकाळी ती घरी परतायची. बस, एवढीच गोष्ट. रोज तीच. पोरांना कंटाळा ठाऊक नव्हता, आणि मला दुसरी येत नव्हती.

त्या गोष्टीनं मला जे शिकवलं ते ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणायचे, "आता कोल्हीण रागावली." माझ्या डोक्यात राग म्हणजे डोळे वटारणं, दात-ओठ खाणं. पण एक पोरगा उठला, डोक्यावरची नसलेली टोपी काढली, गुडघ्यावर आपटली आणि परत घातली. झाला राग. दुसऱ्या पोरीनं चुलीपुढे बसल्यासारखं बसून काल्पनिक भाकर इतक्या जोरात थापली की मीच मागे सरले. गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा होता, गुबगुबीत. त्याचा राग सगळ्यांत शांत. तो नुसता पाठ फिरवून डबे नीट लावायला लागला. मी दुकानात गेले तेव्हा त्याच्या बापाला अगदी तस्संच करताना पाहिलं आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

तीन-चार वर्षांचं मूल "ती दुःखी झाली" असं सांगत नाही. ते सांगतं, "तिनं भिंतीकडे तोंड केलं." "तो भ्याला" म्हणत नाही. सांगतं, "त्यानं माहा हात धरला अन् सोडेच ना." त्याला मन नावाची वस्तू अजून दिसलेली नसते. त्याला दिसतात बोटं, मान, पाठ, पावलं. जे दिसलं ते मूल जसंच्या तसं ठेवतं, आणि त्याला त्यात नवल काहीच वाटत नाही. नवल वाटायला दुसरं काही तरी पाहिलेलं असावं लागतं, आणि त्यानं तर फक्त आपलंच घर पाहिलेलं असतं. हे मी आज इतकं सुबक मांडते आहे, पण तेव्हा मला ती नुसती गंमत वाटायची. शनिवारी वर्ध्याला गेले की आईपुढे सगळ्यांच्या नकला करून दाखवायचे मी.

त्यातच छबी होती. चार वर्षांची असेल. काळीसावळी, काटकी, नाकात कडुलिंबाची काडी, आणि गोष्टीच्या वेळी हमखास मागच्या ओळीत. तिची माय शेवंता मला ठाऊक होती. हसऱ्या तोंडाची, ठसठशीत, दुसऱ्यांदा पोटुशी. सकाळी छबीला सोडताना ती दारातूनच ओरडायची, "बाई, सुकडी जास्त देजा हो तिले, घरी काईच खात नाई!" आणि बाकीच्या बायकांना गाठायला पळत सुटायची. पोटुशी बाई अशी पळते पाहून माझाच जीव वर यायचा.

त्या दिवशी मी म्हटलं, "छबे, आज तू हो कोल्हीण. दिवस बुडाला. कोल्हीण घरी येते."

ती उठली. फ्रॉक नीट केला. मग दोन्ही हात पुढे केले, बोटं फाकवली, आणि मान थोडी वर उचलून, डोळे सताड उघडे ठेवून चालायला लागली. एक पाऊल टाकायची, थांबायची. उजवा पाय पुढे नेऊन जमीन चाचपायची, टाच टेकवायची, मगच अंगाचा भार टाकायची. मध्ये बसलेल्या एका पोराला तिचा हात लागला. तिनं त्याचं डोकं, कान, खांदा चाचपला आणि बाजूनं निघून गेली. दाराची चौकट हाताला लागल्यावर ती थांबली, हुश्श केलं आणि खाली बसली.

मला पहिला धक्का बसला तो वेगळाच. कोणी हसलं नाही. एरवी कोणी शिंकलं तरी खिदळणारी ती पोरं गप्प बसून पाहत होती, काही विशेष चाललेलंच नसावं तशी.

मी विचारलं, "छबे, कोल्हीण आंधळी आहे का गं?"

"नाई जी," ती म्हणाली. "चांगली दिसते तिले."

"मग हात असे काऊन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बाईला एवढंही कळू नये, असं काहीसं त्या नजरेत होतं. "दिवस बुडाला न जी. दिवस बुडाला का माय पायानं पाह्यते."

मी उगाच हसले. मला वाटलं, पोरीनं काही तरी खेळ काढला. आणि मग, का कोण जाणे, मी सगळ्यांना विचारलं, "तुमची माय कशी येते रे संध्याकाळी? दाखवा बरं सगळे."

सगळे उठले. कोणी डोक्यावर गाठोडं घेतलं, कोणी कमरेवर हात ठेवून "अगा माय वो" केलं. दुकानदाराच्या मुलाची आई कुठे जातच नव्हती, म्हणून तो तिथेच बसून राहिला. आणि त्या गर्दीतून पाच-सहा मुलं निघाली, हात पुढे केलेली. बोटं फाकलेली. पायानं जमीन चाचपत, एकमेकांना धडकत, एकमेकांचे खांदे धरत. उंच खिडकीतून उन्हाची तिरीप आत पडली होती आणि त्या तिरिपीतून डोळे सताड उघडे ठेवलेली ती पोरं आंधळ्यासारखी चालली होती. मी खाली बसले ती बसलेच.

त्या वेळी मला काय कळलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. फक्त एवढंच की मुलं खोटं करत नाहीत. राग खोटा केला नव्हता, तर हे तरी कशाला करतील?

आता त्या हंगामातली एक गोष्ट सांगायला हवी. संध्याकाळी खोलीच्या दारात उभी राहून मी वेचणीहून परतणाऱ्या बायकांची ओळ पाहत असे. सूर्य गेलेला, आभाळाला नुसती तांबूस कड उरलेली. गाडीवाटेनं धूळ. पुढे कापसाची एखादी बैलबंडी, बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांचा आवाज, आणि मागून बायका, एकामागे एक, प्रत्येकीच्या हातात पुढचीच्या लुगड्याचा पदर. कोणी तरी काही तरी गुणगुणत असायचं. ते दृश्य मला इतकं आवडायचं की सांगता सोय नाही. आईला मी सांगितलं होतं, "काय माया आहे गं त्या बायकांची एकमेकींवर! दिवसभर राबतात आणि येताना अशा पदर धरून येतात, लहान मुली खेळतात तशा." आईला ते ऐकून गहिवरून आलं होतं.

छबीची गोष्ट झाली त्या संध्याकाळी मी तीच ओळ पुन्हा पाहिली. आणि या वेळी मी पदर पाहिले नाहीत, पावलं पाहिली. सर्वांत पुढे यमुनाबाई, पासष्टीची म्हातारी, माळकरी, ताठ चालणारी. तिची पावलं नेहमीसारखी. तिच्या मागे पोटुशी. पाय पुढे टाकायचा, चाचपायचा, टेकवायचा. तिच्या मागे अंगावर पिणारं पोर असलेली. तशीच. एक धड, दोन चाचपडत्या, एक धड, एक चाचपडती. माझ्या त्या आवडत्या चित्रातल्या बायकांना वाट दिसत नव्हती.

गावाच्या तोंडाशी बाभळीखाली छबी उभी होती. ती तिथे रोज उभी राहायची, खेळायला जाते असं मला वाटायचं. शेवंता ओळीतून बाजूला झाली, तिनं हात पुढे केला, आणि छबीनं आपलं डोकं त्या हाताखाली नेऊन ठेवलं. इतक्या सवयीनं, की त्यात एका क्षणाचाही उशीर नव्हता. मी पुढे गेले आणि शेवंताच्या अगदी समोर उभी राहिले. हात लांबवला असता तर तिच्या गालाला लागला असता. सकाळी मला लांबून हाक मारणारी शेवंता माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ उमटली नाही. तिच्या उघड्या डोळ्यांत मी नव्हतेच. जिवंतपणी असं नाहीसं होणं काय असतं ते मी तेव्हा अनुभवलं.

"कोन हाय व छबे?" तिनं विचारलं.

"बाई हायेत."

"अवो बाई, तुमी होय!" शेवंता मोकळेपणानं हसली. तिच्या त्या हसण्यानं तर मी जास्तच हादरले.

मी म्हटलं, "शेवंता, तुला दिसत नाही?"

"दिसते न! दिवसा सारं दिसते. दिवस बुडाला का नाई दिसत. पोट आलं का होतेच असं बाई. छबीच्या येळीबी झालतं. बाळंत झाली का आपोआप दिसाले लागते."

"आणि नवऱ्याला सांगितलंस?"

"हे का मानसाले सांगाची गोठ हाय?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सांगतलं तर घरी बसवतीन. येचा सुरू हाय, सीतादही माह्या हातानं झाली औंदा, अन् मी घरी बसू?"

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरातल्या पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात ती पूजा. ज्या घरच्या बाईच्या हातानं ती होते तिला मान. शेवंताला तो मान यंदा पहिल्यांदा मिळाला होता. तो सोडून ती घरी बसणार नव्हती. आणि वावरातून गावाकडे येणारी ती गाडीवाट एका विहिरीला लागून वळत होती. विहिरीला कठडा नव्हता. तिथे वळणावर ती कोणाचा तरी पदर हातात धरून पायानं जमीन पाहत होती, पोटात सहा महिन्यांचं बाळ घेऊन.

नर्सबाई आठवड्यातून एकदा सायकलवरून यायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मुलांचं हात पुढे करणंही करून दाखवलं. त्यांना वाचून ठाऊक होतं. पोटुशीला आणि अंगावर पाजणारीला खाण्यात कमी पडलं की रातांधळेपण येतं, औषध आहे, आणि साधं आहे, त्या म्हणाल्या. "पण मला आजवर एकीनंही सांगितलं नाही हो! ताप सांगतात, पाय सुजले सांगतात. हे नाही सांगितलं." त्यांचाही चेहरा पडला होता.

बायकांना आम्ही एका सकाळी, वावरात जाण्याआधी, बालवाडीत बसवलं. नर्सबाईंनी विचारलं तशा सगळ्या एकमेकींकडे पाहून हसल्या. "हे का दुखनं हाय?" "माह्या मायलेबी होतं." "माह्या सासूलेबी." एक म्हणाली, तिला तर वाटायचं जगातल्या सगळ्या पोटुशींना असंच होतं, शहरातल्या बायकांनाही. म्हणूनच तिकडे रस्त्यावर दिवे लावतात. ती विनोद करत नव्हती. पदर धरून चालायची रीत तिथे आज्या-पणज्यांपासून होती. कोणी कोणाला शिकवत नव्हतं. पोट दिसायला लागलं की धड डोळ्यांची एक बाई आपणहून पुढे व्हायची आणि पदर मागे सोडायची.

नर्सबाई म्हणाल्या, "कधी कोणी पडलं-धडपडलं नाही?"

"पडतोच न जी. बांदावर पडतो, काट्यात पडतो..."

आणि बोलणारीचा आवाज मध्येच बंद पडला. खोलीत हसणं चालू होतं ते एकेका तोंडावरून उतरत गेलं. मी पाहत होते. आधी दारापाशी बसलेली गप्प झाली, मग तिच्या शेजारची. सगळ्या यमुनाबाईकडे पाहायला लागल्या. यमुनाबाईनं हातातली तुळशीची माळ मुठीत घट्ट धरली होती.

"कौसल्या," ती म्हणाली.

कौसल्या मागच्या वर्षी, अशाच वेचणीच्या दिवसांत, त्या विहिरीत गेली होती. मी तेव्हा गावात नव्हते, पण आल्या आल्या मला ती हकीकत सांगण्यात आली होती, विहिरीकडे बोट दाखवून. नवऱ्याशी भांडली, डोक्यात राख घातली आणि सातव्या महिन्यात जीव दिला. सगळं गाव तेच सांगायचं. तिचा नवरा, महादेव, कोणाच्या ओसरीवर बसत नसे. पंगतीत त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. भांडण झालं होतं हे खरं होतं. सकाळी झालं होतं, भाकरीवरून.

"त्या दिशी कौसल्या मांगं राह्यलती," यमुनाबाई म्हणाली. "कापसाची ओटी भराची होती तिची. म्हने, तुमी व्हा पुढं, मी येतो. तिलेबी दिसत नोतं. म्याच तिले पदर देत होतो रोज. मले ठाव होतं तिले दिसत नाई." ती थांबली. मग तिनं आमच्याकडे पाहिलं. "अन् मीबी म्हनलं का तिनं जीव देल्ला. सारे म्हनत, म्या बी म्हनलं. मले आठवलंच नाई व माय, का तिले दिसत नोतं."

बाहेर बंडी चालली होती, बैल हाकणारा माणूस "हाट हाट" करत होता, आणि आत वीस-पंचवीस बायका तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. इतकी साधी गोष्ट. इतकी साधी, इतकी रोजची, की ती कोणाच्या ध्यानातच आली नाही. तिच्यासोबत रोज चालणाऱ्या बायकांच्यासुद्धा. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण मीही महिनाभर तीच ओळ डोळे भरून पाहत होते.

संध्याकाळी यमुनाबाई एकटी महादेवच्या घरी गेली. काय बोलणं झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेव विहिरीपाशी एकटाच दगड रचताना दिसला. कठडा घालत होता. बायका वेचणीला जाताना थांबल्या. मग एकीनं ओटी सोडली आणि दगड उचलायला लागली. थोड्या वेळानं गावातले दोघेतिघे पुरुषही आले. कोणी महादेवशी बोललं नाही, त्यानंही मान वर केली नाही. पण दुपारी भाकरी खायला सगळे त्याच्यासोबत एकाच झाडाखाली बसले, एवढं मी पाहिलं.

औषधाच्या गोळ्या माशाच्या तेलाच्या. त्यावरून मोठंच रामायण झालं, कारण निम्म्या घरांत माळ. यमुनाबाईनं निकाल दिला, "पोटातल्या लेकराले माळ नाई." प्रश्न मिटला. घरोघरी शेवग्याचा पाला शिजायला लागला, पपया कापल्या जायला लागल्या. शेवंताच्या नवऱ्याला नर्सबाईंनीच सांगितलं. तो काही तिला घरी बसवणारा निघाला नाही. एवढंच म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं?" आणि कितीतरी वेळ तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. त्या पाहण्यानं शेवंता लाजली म्हणे. हे मला छबीनं सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, पदराचं टोक दातात धरून दाखवलं.

हंगाम संपत आला. पऱ्हाट्या काळ्या पडल्या. एक दिवस मी पुन्हा छबीला कोल्हीण केलं. दिवस बुडाला, कोल्हीण घरी निघाली. छबी उठली. हात खालीच होते. ती भराभर चालली, मध्ये थांबली, कपाळावर आडवा हात धरला, मान उंच करून डोळे बारीक केले आणि लांब कुठे तरी पाहिलं. मग एकदम धावत सुटली. पोरं खिदळली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"लांबूनच पाह्यलं तिनं मले," छबी खाली बसत म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, चक्क रुसवा होता. "आता मी बाभयीखाली कायले उभी राहू?"

शेवंताला मुलगा झाला. पुढे माझी बदली झाली, मग लग्न, मग वर्धा, आता पिपरी. छबी आता आजी झाली असेल. बालवाडीत मी त्यानंतर कितीतरी वर्षं काढली, कितीतरी मुलं माझ्यापुढे कोल्हीण झाली, आणि प्रत्येक वेळी मी त्यांचे हातपाय पाहत राहिले, जीव मुठीत धरून. पुष्कळदा काही नसायचं. कधी असायचं.

हे सगळं आज आठवायचं कारण परवाची संध्याकाळ. आमची ईरा, मुलाची मुलगी, चार वर्षांची. दिवाणखान्यात आम्ही सगळे बसलो होतो आणि ती गोष्ट सांगत होती. एक राणी होती, राणीला भूक लागली, मग राणीची आजी आली. "थांबा हं, आता मी आजी," ती म्हणाली आणि बोळीत पळाली.

बोळीतून आजी आली. डावा हात भिंतीला लावलेला, बोटं भिंतीवरून सरकत होती. मान किंचित वर. दिवाणखान्याची पायरी आली तिथे आजी थांबली. उजवा पाय पुढे नेला. जमीन चाचपली. टाच टेकवली. मग खाली उतरली.

"अगदी हुबेहूब!" सून टाळ्या वाजवत म्हणाली. मुलगा पोट धरून हसत होता. मीही हसले. आणि हसता हसता मीच थांबले.

"ईरू," मी म्हटलं, "आजी अशी का गं चालते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. "आजी आहे ना ती," ती म्हणाली. "आज्या अशाच चालतात."

खिडकीबाहेर अंधार होता. वीज गेलेली नव्हती, घरात तीन बल्ब लागलेले होते आणि बाकी सगळ्यांना त्यांच्या उजेडात माझा चेहरा स्वच्छ दिसत असावा, कारण मुलाचं हसणं थांबलं.

"आई, काय झालं?" तो जवळ येत म्हणाला. "बोळीतला बल्ब पुन्हा बदलू का?"

"बल्ब राहू दे," मी म्हटलं. "उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."